एकीचं ऑफिस ऐरोली, दुसरीचं परळ. भाड्याने घर कुठे घ्यावं? डोंबिवली / ऐरोली-घणसोली / खारघर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा लांब झालाय पण प्लीज पूर्ण वाचा, कारण घरात आणि नात्यात मुंबईत राहिलेलं कुणीच नाही आणि एजंट लोक ज्याचा त्याचा एरियाच चांगला सांगतात. इथे बरेच जण वर्षानुवर्षं या भागात राहतायत म्हणून इथेच विचारतेय.

मी सांगलीची, वय २५, आयटीत आहे, ऑफिस ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये. आठवड्यातले तीन दिवस जावं लागतं, बाकी घरून. सध्या घणसोलीत पीजीत राहते, एका खोलीत तिघी, घरून काम करायच्या दिवशी मीटिंग चालू असताना बाकीच्या दोघींना बोलताही येत नाही आणि मलाही लाजल्यासारखं होतं. आता नोकरीत कन्फर्म झालेय तर मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण मिळून वन बीएचके घ्यायचा विचार आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे, परळला एका हॉस्पिटलमध्ये, तिला मात्र आठवड्यातून सहा दिवस जायचंय आणि कधी कधी सकाळी आठला हजर लागतं. म्हणजे माझ्या एकटीच्या सोयीचं बघून चालणार नाही, खरं तर तिचाच प्रवास जास्त महत्त्वाचा. दोघींचं मिळून बजेट भाडं २२-२३ हजार, त्याच्यावर ताण येईल.

ऐरोली-घणसोली मला परफेक्ट आहे. शेअर रिक्षाने ऑफिस, पाण्याचा त्रास नाही कारण नवी मुंबईला मोरबे धरणाचं स्वतःचं पाणी आहे, रस्ते बरे. पण सेक्टरमधल्या सोसायटीत वन बीएचके म्हटलं की एजंट २५ च्या खाली बोलत नाहीत आणि दोन मुली म्हटल्यावर दोन ठिकाणी सोसायटीनेच नको म्हटलं. गावठाणातल्या बिल्डिंगमध्ये १५-१६ हजारात मिळतंय, घरमालक पण चांगले वाटले, पण तिथे रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटचं नाव काढलं की विषय बदलतात. आणि मैत्रिणीला रोज ऐरोलीहून ठाणे, मग ठाण्याला बदलून परळ.

डोंबिवली भाड्याने बसतं, स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर २० च्या आत मिळेल असं दिसतंय. आणि खरं सांगायचं तर मला मनातून डोंबिवलीच आवडलंय. मैत्रिणीच्या मावशीकडे गेले होते, फडके रोड, पुस्तकांची दुकानं, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, संध्याकाळी रस्त्यावर सगळं मराठी कानावर पडत होतं, सांगलीत असल्यासारखं वाटलं. मला नुसतं झोपायला घर नकोय, तीन-चार वर्षं तरी एका गावात राहायचंय, लायब्ररी लावायचीय, महिन्यातून एखादं नाटक बघायचंय. पण २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी पडून जीव गेले ती बातमी बाबांनी बघितली तेव्हापासून ते डोंबिवलीचं नाव काढू देत नाहीत. त्यांची काळजी चुकीची आहे असंही मला म्हणता येत नाही, मैत्रिणीला रोज त्याच गर्दीत चढायचंय.

खारघर बघून आलो, मोकळं आहे, मागे डोंगर, सेंट्रल पार्क, मेट्रो पण २०२३ पासून चालू झालीय बेलापूर ते पेंधर. मला ठाणे-पनवेल लोकल डायरेक्ट ऐरोलीला सोडेल, आणि सांगलीच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स हायवेवरूनच जातात त्यामुळे घरी जायला सगळ्यात सोपं. पण परळला जायचं म्हणजे हार्बरने कुर्ला, तिथे पूल चढून परत सेंट्रल. तिला ते झेपेल का?

बदलापूर स्वस्त आहे पण ते घरच्यांनीच बाद केलं. आम्ही २०१९ चा कृष्णेचा पूर घरात बघितलाय, आणि त्याच पावसाळ्यात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीजवळ उल्हासच्या पाण्यात अडकली होती. सांगलीकरांची रोजची गाडी ती, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे.

तर प्रश्न असे की डोंबिवलीहून सकाळी ठाण्यापर्यंतचा प्रवास मुलींना खरंच किती अवघड आहे? गावठाणात रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटशिवाय राहणं कितपत सेफ? आणि आम्हाला सुचलं नाही असं एखादं ठिकाण आहे का?

---

प्रतिसाद, डोंबिवलीकर

अगं बाबांचं बरोबर आहे आणि तुझंही बरोबर आहे. मी पंचवीसेक वर्षं डोंबिवलीहून दादरला जातेय. कल्याणकडून भरून आलेली फास्ट सकाळी साडेसात ते साडेनऊ पकडायची नाही, एवढं पाळलंत तर निम्मा त्रास कमी. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या स्लो आहेत, वेळ जास्त लागतो पण सुरुवातीला चढलं की आत जायला मिळतं आणि स्लो परळला थांबते त्यामुळे मैत्रिणीला बदलायलाही नको. लेडीज डब्यात एकदा ग्रुप झाला की जागा धरणारं, विचारपूस करणारं कुणीतरी असतं. पण आठची ड्यूटी असेल तर पहाटे उठावं लागेल आणि पावसात गाड्या लेट झाल्या की ग्रुप वगैरे काही कामाला येत नाही, हे पण सांगते. संध्याकाळी परतताना तर दादरला चढणंच अवघड.

घर घेतलंत तर स्टेशनच्या जवळ घ्या, पूर्व असो की पश्चिम. स्वस्त मिळतंय म्हणून शहराला लागून असलेल्या २७ गावांच्या बाजूला किंवा कल्याण-शीळ रोडला जाऊ नका, तिथे पाणी आणि ट्रॅफिक दोन्हीचा वैताग आहे आणि स्टेशनपर्यंत रिक्षाचे पैसे वेगळे. एमआयडीसीला चिकटून पण नको, तिथल्या केमिकल कंपन्यांत २०१६ ला आणि २०२४ ला मोठे स्फोट झालेत, आमच्या ओळखीच्यांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या.

---

प्रतिसाद, ऐरोली सेक्टर

गावठाणातले सगळेच घरमालक वाईट असं अजिबात नाही, पण अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करत नसतील तर घेऊ नका. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, लेखी करून रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. सगळं ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन आधार आणि अंगठ्याचा ठसा घेतो. अ‍ॅग्रीमेंट नसेल तर उद्या डिपॉझिट अडकलं तर दाखवायला हातात काही नाही, गॅस, पासपोर्ट, बँकेचा पत्ता सगळं अडतं. शिवाय बिल्डिंगला ओसी, म्हणजे महापालिकेचा भोगवटा दाखला, आहे का विचारा. शेजारच्या दिघ्यात बेकायदा इमारतींवर हायकोर्टाच्या आदेशाने कारवाई झाली तेव्हा भाडेकरूंचे पण हाल झाले.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल घरमालकाकडून नॉन ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. काही जण तो जास्त दाखवून भाड्यात चढवतात, त्यामुळे भाडं ठरवताना मेंटेनन्स कोण भरणार ते आधीच स्पष्ट करा.

आता न सुचलेलं ठिकाण, माझ्या मते तुमचं उत्तर ठाणे पूर्व, म्हणजे कोपरी. ऐरोली-वाशी-पनवेलच्या गाड्या ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटतात आणि ते प्लॅटफॉर्म कोपरीच्याच बाजूला आहेत. तुम्ही उतरून थेट घरी. तुमच्या मैत्रिणीला ठाण्याहूनच सुटणारी स्लो, बसून परळ. पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की गडकरी रंगायतन आणि मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ ची लायब्ररी आहे ती. घोडबंदरला स्वस्त-मस्त टॉवर दाखवतील, त्या रोडचा ट्रॅफिक बघता तुमच्यासाठी तो उपयोगाचा नाही. कोपरीत जुन्या, बिनलिफ्टच्या तीन-चार मजली बिल्डिंग आहेत, त्यात तुमच्या बजेटमध्ये वन बीएचके अवघड, पण वन आरके (एक खोली आणि किचन) किंवा छोटा वन बीएचके शोधला तर मिळतो.

---

धागाकर्ती

डोंबिवलीकर ताई, ऐरोलीकर दादा, दोघांचे मनापासून आभार. मैत्रिणीला वाचून दाखवलं, ठाण्याहून बसून जाता येईल हे ऐकून ती लगेच तयार झाली. बाबांशी पण बोलले, ठाण्याला त्यांची हरकत नाही. डोंबिवली सुटतंय याचं वाईट वाटतंय पण तिच्या सहा दिवसांपुढे माझी आवड मोठी नाही, आणि नाटक-लायब्ररी ठाण्यातही मिळतेय. गावठाणातलं घर कॅन्सल केलं.

शनिवारी दोघी कोपरीत घरं बघायला जाणार आहोत. अजून दोनच गोष्टी विचारते. जुन्या बिल्डिंग आहेत म्हणताय तर मध्येच रीडेव्हलपमेंटला गेली तर भाडेकरूने काय करायचं, अ‍ॅग्रीमेंटमध्ये दोन महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट घर सोडायच्या दिवशीच परत असं लिहून घेता येतं का? आणि वरच्या मजल्यावर पाणी चढतं का, दिवसातून किती वेळ येतं, हे घरमालक सोडून कुणाला विचारलं तर खरं कळेल? कोपरीत राहणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, शनिवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.