मदत हवी आहे : काचेला चिकटलेला जुना फोटो

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या घरातला आजी-आजोबांचा कृष्णधवल फोटो पुण्याच्या फ्लॅटमध्ये लावायचाय. ओटीवरच्या दमट हवेने आजीच्या नऊवारीचा पदर काचेलाच चिकटलाय, कडा कसरीने खाल्ल्यात. ओढला तर चित्र ज्यात असतं तो जिलेटिनचा थर निघून येईल, म्हणून हात लावलेला नाही. काचेसकट नीट स्कॅन करणारं पुण्यात कुणी आहे का? प्रिंट मॅट घ्यावी की ग्लॉसी? समोरच ट्यूबलाइट आहे.

मोबाइलमध्ये फोटो आहे हो, पण लेक तो कधी बघत नाही, गावी गेलो की मात्र भिंतीवरच्या पणजीसमोर उभी राहून "हिच्या नाकात काय आहे?" विचारते. आई म्हणते, हार घाल. मला नकोय, दोघं हसतायत त्यात!

जुनी सागवानी फ्रेमच ठेवायचीय. काचेमागे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घातला तर पुन्हा चिकटणार नाही ना?