डिफॉल्टर लिस्टला नाव, जर्नल कोरं, एम-वन (पहिल्या वर्षाचं गणित) राहिलंय, पीएल (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) पाच दिवसांवर. आधी काय करू?

कोरं_जर्नल
नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या एसईला (दुसऱ्या वर्षाला) आहे, पुण्यात नऱ्ह्यात तिघं मिळून रूम केलीये, मूळचा सांगलीकडचा. यंदा पथकात ताशा वाजवला, जुलैपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव, रूमवर यायला साडेअकरा, मग सकाळचं पहिलं लेक्चर गेलंच समजा. विसर्जन होतंय तोवर इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) डोक्यावर, त्यात ३० पैकी ९, ११ आणि ८ पडले. परवा डिफॉल्टर लिस्ट लागली, माझं नाव वरून चौथं, अटेंडन्स ५८ टक्के. दोन विषयांच्या जर्नलमध्ये इंडेक्सच्या पानावर नाव नि रोल नंबर, पुढे सगळं पांढरं. वर एफईची (पहिल्या वर्षाची) एम-वनची केटी, म्हणजे राहिलेला विषय, चिकटलेली आहेच. घरी काही सांगितलेलं नाही, पप्पांना वाटतंय पोरगा ऑल क्लिअर आहे. रात्री पुस्तक उघडतो आणि नुसतं बघत बसतो, तीन वाजतात. आधी कशाला हात घालू तेवढं सांगा, पथकावरून लेक्चर नको प्लीज, रूममेटनी ते काम केलंय.

बीई_काठावर
भावा, पथकावरून मी काय बोलणार, मी स्वतः दोन वर्षं ढोल वाजवलाय.
आधी टर्म ग्रांट (म्हणजे कॉलेजनी परीक्षेला बसू देणं), बाकी सगळं नंतर. टर्मच ग्रांट नाही झाली तर अभ्यास करून बसणार कुठे? म्हणजे पीएल लागायच्या आत सबमिशन संपव. आज रात्री एकाच विषयाचं जर्नल घे, ज्याचे सर जास्त कडक त्याचं आधी, आणि पूर्ण व्हायची वाट न बघता चार प्रॅक्टिकल झाले की चार घेऊन जा. सगळं एकदम घेऊन शेवटच्या दिवशी गेलास तर स्टाफरूमबाहेर साठ पोरांची लाइन असते, त्यात सर चिडलेले, त्यात तुझी डायग्राम पेन्सिलनी काढलेली नाही म्हणून परत पाठवतात. हे माझं झालंय. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सर घरी निघालेले, गाडीच्या सीटवर जर्नल ठेवून सही घेतली.
आणि लिहिताना मित्राचं जर्नल समोर ठेव पण रीडिंग जशीच्या तशी उतरवू नको, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, त्यावरच बोट ठेवलं तर तोंड कोरं पडतं.

सोलापुरी_चटणी
वरच्यांशी सहमत, फक्त एम-वन विसरू नकोस. टीईला (तिसऱ्या वर्षाला) जायचं तर एफईचं सगळं सुटलेलं लागतं, नाहीतर वायडी, म्हणजे वर्ष वाया. एसईचे सगळे विषय काढून एका एम-वनपायी घरी बसलेली माझी रूममेट आहे, वर्षभर तिला शेजारणी विचारत होत्या "सुट्टी संपली नाही का गं अजून?"
तुझा २०१९ पॅटर्न (त्या वर्षीचा अभ्यासक्रम) असेल तर एंडसेमला (सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला) युनिट ३ ते ६ येतात, ७० मार्कांचा पेपर. प्रत्येक युनिटला हा प्रश्न किंवा तो, त्यामुळे सगळं करायची गरजच नाही. पाचवं-सहावं आधी कर, मॅट्रायसेस, आयगेन व्हॅल्यू, केली-हॅमिल्टन, तिथे डोकं कमी आणि हात जास्त चालतो, स्टेप्सचे मार्क मिळतात. मग तिसऱ्यातलं ऑयलरचं थेअरम, मग जेकोबियन. लॅग्रांजवाली गणितं वेळ उरला तर. जुने पेपर अप्पा बळवंत चौकात पन्नास ठिकाणी मिळतात, पण नुसते वाचू नको, घड्याळ लावून कागदावर सोडव. मी पहिल्या दोन वेळा "येतंय येतंय" म्हणत वाचतच होते आणि पेपरात साधं डिटरमिनंट चुकलं.
(पॅटर्न वेगळा असेल तर तुमच्या सिलॅबसमधलं युनिटवाइज वाटप बघ, सीनियरच्या तोंडी हिशोबावर जाऊ नको, माझ्या पण.)

खडू_फळा
मी शिकवतो, कुठे ते सोडा. टेबलाच्या या बाजूनं सांगतो.
लिस्ट लागल्यावर मुलं गायब होतात, ती चूक. अटेंडन्ससाठी ७५ टक्क्यांचा नियम आहे, तो मी एकटा वाकवू शकत नाही, पण जो मुलगा स्वतः येऊन म्हणतो "सर, अमुक कारणानं राहिलं, भरून काढायला काय करू" त्याला एक्स्ट्रा असाइनमेंट देऊन मार्ग काढता येतो का हे बघायला आम्हाला कमिटीत काहीतरी बोलता येतं. जो आलाच नाही त्याच्याबद्दल काय बोलणार? क्लास टीचरना उद्याच भेट, ग्रुपवर मेसेज टाकू नकोस. खोटं मेडिकल सर्टिफिकेट आणू नकोस, ती कागदं आम्ही वर्षाला इतकी बघतो की डॉक्टरांचं अक्षर ओळखीचं झालंय.
अजून एक, पुढे कामाला येईल. निकालानंतर एखादा विषय अनपेक्षित गेला तर रडत बसण्याआधी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज करायचा. आधी फोटोकॉपी, ती बघून मग रीव्हॅल्युएशन, असा आपल्या पुणे विद्यापीठात क्रम आहे. मुदत थोडे दिवसच असते आणि मुलं नेमकी तेव्हा गावी असतात.

वाकडेवाडी_ते_लातूर
सगळ्यांनी अभ्यासाचं सांगितलं, मी झोपेचं सांगते. तू तीनपर्यंत बघत बसतोस तो अभ्यास नव्हे, ती भीती आहे. मला थर्ड इयरला असंच व्हायचं, रात्री अकराला टपरीवर कॉफी, एकला परत एक. कॉफीचा निम्मा असर उतरायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे एकची कॉफी सकाळी सहाला पण अर्धी अंगात. आणि जे वाचलंय ते डोक्यात बसतं झोपेत. साडेबाराला दिवा बंद कर, सहाला उठ, मेसचा पोहे-चहा खाऊन बस.
छातीत धडधड, जेवण जात नाही, नको नको ते विचार येतात असं होत असेल तर १४४१६ ला फोन लाव. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री दोनला लावलेला, पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं "जेवलीस का?" मी तिथेच रडायला लागले, मग पुढचं बोलणं सोपं झालं.
आणि पप्पांना सांग. निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मी आईला सांगितलं, ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली येताना लसूण आण, इथे महागलाय.

बीई_काठावर
लसूण 😂
@कोरं_जर्नल एबीसी आयडी काढलायस का रे? अप्पा बळवंत चौक नाही, क्रेडिटवाला, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा. एक्झाम फॉर्म भरताना आमच्याकडे त्याच्यावरून शेवटच्या दिवशी गोंधळ झालेला. फॉर्मवर एम-वनच्या बॅकलॉगची टिक केलीयेस ना ते पण तपास, ती राहिली तर वरचा सगळा सल्ला वाया.

कोरं_जर्नल
एबीसी आयडी आहे. बॅकलॉगची टिक... आत्ता बघितली, केलेली आहे, हुश्श.
काल क्लास टीचरना भेटलो. ओरडले, मग ताशा कुठल्या पथकात वाजवतोस विचारलं, त्यांचा भाचा पण वाजवतो म्हणे. दोन असाइनमेंट दिल्यात, गुरुवारपर्यंत. एका जर्नलचे पाच प्रॅक्टिकल सही होऊन आले, लाल पेनात "लेट" लिहिलंय पण सही आहे.
पप्पांना अजून नाही सांगितलं. रविवारी फोन करतो, मॅच संपल्यावर, तेव्हा मूड बरा असतो त्यांचा.