झॉम १००: पहिला भाग पाहून तुम्हाला काय वाटले? (अनुभव धागा)

रातकिडा (धागाकर्ता), १० जुलै २०२३

'झॉम १००: बकेट लिस्ट ऑफ द डेड' या नव्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेचा पहिला भाग काल आला आणि तो पाहिल्यापासून डोक्यात एक जुनी गोष्ट घोळते आहे. नायक आकिरा तेंदो २४ वर्षांचा आहे आणि जाहिराती व कार्यक्रम तयार करणाऱ्या एका कंपनीत गेली तीन वर्षे भरडला जातो आहे. रुजू झाल्याच्या दिवशी स्वागताची मेजवानी होते, सगळे हसतखिदळत बाहेर पडतात आणि घरी जाण्याऐवजी पुन्हा कार्यालयातच परततात, हा प्रसंग पाहताना माझ्या अंगावर जो काटा आला, तो पुढे झॉम्बी, म्हणजे चालतेफिरते मुडदे, रस्त्यावर उतरल्यावरही आला नाही. मग एके दिवशी जग बुडते, कामावर जायला उशीर होईल या चिंतेत असलेला आकिरा गच्चीवर पोहोचतो, पेटलेल्या शहराकडे पाहतो आणि त्याला उमगते की आजपासून कामावर जायचे नाही. तो आनंदाने ओरडतो.

मी तो आनंद ओळखतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही अंधेरीच्या कार्यालयात टेबलांवर पाय वर घेऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशीचे सादरीकरण रद्द झाल्याचा निरोप आला आणि बाहेर काय चालले आहे याची पुरती कल्पना नसताना माझ्या मनात पहिली जी भावना उमटली, ती निखळ सुटकेची होती. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

खडीसाखर

पोळ्या लाटता लाटता पाहिला, त्यामुळे अर्धी उपशीर्षके निसटली. तरीही एक गोष्ट ठळकपणे जाणवली. सुरुवातीला चित्र करड्या रंगात आणि वरखाली काळ्या पट्ट्यांमध्ये कोंडलेले आहे, आणि आकिरा मोकळा होताच पडदा भरून रंग उसळतात. रक्तसुद्धा लाल नाही. गुलाबी, निळे, पिवळे असे रंगपंचमीसारखे उडते. शेजारी बसलेल्या माझ्या मुलाने "आई, हे भूतपट आहे की होळी?" असे विचारले, यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

निशीकासाईकर

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहतो, जिथे आपल्याकडचे संगणक क्षेत्रातले पुष्कळ लोक वस्तीला आहेत. इथे ही मालिका रविवारी संध्याकाळी पाचला लागते, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचा खोचकपणा पूर्ण कळत नाही. त्यानंतर दीड तासाने, साडेसहाला, 'साझाए-सान' ही अनेक दशके चाललेली घरगुती मालिका लागते आणि तिची धून ऐकली की उद्या सोमवार या विचाराने पोटात गोळा येतो; इथे त्याला 'साझाए-सान सिंड्रोम' असेच म्हणतात. नेमक्या त्याच संध्याकाळी एक तरुण पडद्यावर नाचत सांगतो की उद्या कार्यालय नाही.

रातकिडा, तुम्ही मेजवानीच्या प्रसंगाविषयी लिहिलेत ते पटले. जपानमध्ये अशा पिळवणूक करणाऱ्या कंपनीला 'ब्लॅक कंपनी' म्हणतात. २०१९च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांसाठी जादा कामाची कायदेशीर मर्यादा महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तास झाली, पण विशेष कारण दाखवले तर एखाद्या महिन्यात ती १०० तासांच्या जवळपास नेता येते. अतिश्रमाने झालेला मृत्यू, म्हणजे करोशी, ठरवताना सरकार जी रेषा धरते तीही एखाद्या महिन्यासाठी १०० तासांच्या आसपासच आहे. कायद्याची कमाल मर्यादा आणि मरणाची रेषा अशी शेजारी शेजारी आखलेली असताना ही कथा इथे कोणाला अतिशयोक्त वाटत नाही.

घोरपड

निशीकासाईकर, माहितीबद्दल आभार. आमच्या हिंजवडीत ही रेषा आखलेलीच नाही, त्यामुळे ती ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही.

पांढरी_टोपी

मी परिचारिका आहे आणि मला हा भाग पाहताना राग आला. २०२०च्या मार्चमध्ये सगळे घरी बसले, तेव्हा आम्ही रोज कामावर जात होतो; संकट आले म्हणून आम्हाला कोणी सुट्टी दिली नाही, उलट असलेल्या रजा रद्द झाल्या. त्यामुळे तो गच्चीवरचा जल्लोष पाहून मी रिमोटच फेकून मारणार होते. रात्रपाळीत पुन्हा विचार केला, तेव्हा वाटले की आकिरा इतका मोकळा होऊ शकतो, कारण त्याच्या कामाची कोणालाच गरज नव्हती आणि ते त्याला तीन वर्षे ठाऊक होते. माझा थकवा त्याच्यापेक्षा कमी नव्हता, पण माझ्या कामाची कोणीतरी वाट पाहत होते. लेखकाला हा फरक दिसला आहे की नाही, हे पहिल्या भागावरून सांगता येत नाही.

रातकिडा

पांढरी_टोपीताई, आपण लिहिले आहे ते मला सुचलेच नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी ज्याचे सादरीकरण करणार होतो, तो एक साबण होता.

घोरपड

साबणाची गरज मात्र २०२०मध्ये सगळ्यांनाच पडली.

पांढरी_टोपी

घोरपडराव, हसवलेत. ड्युटीवर निघते.

कंदील

मी या प्रकारातले पुष्कळ पाहिले आहे, म्हणून थोडी तुलना करतो. २०१५ची 'गाक्को गुराशी' पहिला जवळजवळ संपूर्ण भाग शाळकरी मुलींच्या गोड मंडळाची गोष्ट म्हणून चालवते आणि शेवटच्या काही क्षणांत फुटक्या काचा दाखवून आपल्या पायाखालची जमीन काढून घेते. २०१६ची 'कोतेत्सुजो नो कबानेरी' वाफेच्या इंजिनांच्या काळात घडते आणि तिच्यातल्या मुडद्यांचे हृदय लोखंडी कवचाखाली असते, त्यामुळे पहिल्या भागात धडकी भरते ती निव्वळ दृश्यांनी. या दोन्हींत जग बुडणे हे नुकसान आहे. 'झॉम १००'मध्ये ते नुकसान वाटत नाही, हेच तिचे नावीन्य आहे आणि माझ्या मते तिचा धोकाही तोच आहे, कारण एकदा जल्लोष संपला की उरलेले भाग कशावर चालवायचे? मूळ मांगा (जपानी चित्रकथा) हारो आसो यांनी लिहिलेली आणि कोतारो ताकाता यांनी चितारलेली आहे. आसो यांनीच 'ॲलिस इन बॉर्डरलँड' ही मांगाही लिहिली, म्हणून मी अजून विश्वास ठेवून आहे.

एक तक्रार नोंदवतो. कार्यालयातल्या ओतोरी या सहकारी स्त्रीला आकिराच्या हुरहुरीपलीकडे काहीही काम दिलेले नाही. तीही त्याच कंपनीत पिचत होती. तिची सुटका मात्र झाली नाही.

खडीसाखर

कंदील, ही तक्रार अगदी योग्य आहे. ती मुडदा झाल्यानंतर तो तिच्यापुढे मन मोकळे करतो, तेव्हा मला त्याची नव्हे, तिची कीव आली.

चाफेकळी

मला कथेपेक्षा त्याची खोली आठवते आहे. कचऱ्याच्या पिशव्या, न धुतलेले कपडे आणि त्यांच्यामध्ये झोपण्यापुरती जागा. माझा भाऊ बंगळूरला असताना आई पहिल्यांदा त्याच्याकडे राहायला गेली, तेव्हा तिने फोनवर रागावण्याऐवजी फक्त "घरात एकसुद्धा स्वच्छ ताट नाही गं" एवढेच सांगितले होते. आता तो बरा आहे, सातारला असतो, शेळ्या पाळल्या आहेत.

घोरपड

शेळ्यांचे दर काय आहेत सध्या? हा प्रश्न मी गंभीरपणे विचारतो आहे.

कंदील, २७ डिसेंबर २०२३

धागा वर काढतो आहे. मधल्या काळात भाग वारंवार पुढे ढकलले गेले आणि शेवटचे तीन सप्टेंबरऐवजी नाताळच्या दिवशी एकत्र आले. बग फिल्म्स या स्टुडिओची ही पहिलीच दूरचित्रवाणी मालिका होती. अतिश्रमाविरुद्धची गोष्ट चितारणाऱ्यांनाच वेळापत्रक झेपू नये, यावर विनोद बरेच झाले. मला मात्र उशीर झाला हेच बरे वाटले, कारण तिथे किमान कोणीतरी "आता थांबू या" असे म्हणाले असावे.

पांढरी_टोपीताईंसाठी मुद्दाम लिहितो: आकिराची गाठ पुढे त्याच्या जुन्या साहेबाशी, कोसुगीशी पडते आणि जग बुडालेले असतानाही आकिरा क्षणात पूर्वीसारखा मान खाली घालून राबू लागतो. पहिल्या भागातला जल्लोष किती कच्चा होता, ते लेखकाला ठाऊक होते.

पांढरी_टोपी

कंदील, ते भाग मी पाहिले. साहेब समोर येताच आकिराचे खांदे ज्या रीतीने पडतात, ते चितारणाऱ्याने कुठेतरी प्रत्यक्ष पाहिलेले असणार. राग पूर्ण गेलेला नाही, पण उरलेले भाग पाहते आहे.

खडीसाखर

माझा मुलगा आठवीत आहे आणि तो मागे लागला आहे. त्याला पूर्ण मालिका दाखवावी का?

निशीकासाईकर

रक्त रंगीत असले तरी अंगप्रदर्शन आणि प्रौढ विनोद बरेच आहेत, त्यामुळे अजून दोनतीन वर्षे थांबावे असे मी सुचवेन. तोवर त्याला मत्स्यालयाच्या प्रसंगातला, चालायला पाय आलेला मुडदा शार्क तेवढा दाखवा. माझ्या भाच्याने तो चार वेळा मागे नेऊन पाहिला.