शब्दचर्चा: देमोदोरी, आगारु, ओबांग्या (जपानी रॉकवेड्यांची बोली)

पावसाळी:
सध्या जुन्या व्हिज्युअल केई (भडक मेकअप करून, नटूनथटून वाजवणारे जपानी रॉकवाले) बँडच्या जपानी फॅन बायकांचं लिखाण वाचतेय, एक्स जपान, लूना सी, बक-टिक अशी मंडळी, आणि एक शब्द सारखा आडवा येतोय: देमोदोरी. कोशात अर्थ दिलाय, लग्न मोडून माहेरी परत आलेली बाई. पण इथे तर बायका मजेत स्वतःलाच 'मी देमोदोरी बांग्या' म्हणतायत! माझी धाव जपानी परीक्षेच्या एन-थ्रीपर्यंतच, म्हणजे मधल्या पायरीपर्यंतच (पुण्यात निम्मी गल्ली जपानी शिकते त्यातलीच एक). कुणी नीट उलगडून सांगेल का, आणि मराठीत काय म्हणाल?

निशिकासाईकर:
आधी बांग्या घे. बँड अधिक ग्यारु, म्हणजे इंग्रजी गॅल, मिळून बांग्यारु, मग शेपूट तोडून बांग्या. पुरुष फॅन तो ग्याओ. आणि वय झालेली बांग्या ती ओबांग्या, पुढे 'ओबासान'मधला ओबा चिकटवलाय, म्हणजे काकूच झाली ती :-) स्वतःला म्हटलं तर गंमत, दुसऱ्याने म्हटलं तर भांडण, लक्षात ठेव.

देमोदोरीच्या आधी 'आगारु' कळायला पाहिजे. आगारु म्हणजे वर जाणं, पण आटपणं, संपणं असाही अर्थ आहे. सुगोरोकु नावाचा सोंगट्यांचा खेळ असतो त्यात सोंगटी शेवटच्या घरात पोचली की 'आगारी'. तर लग्न झालं, पोरं झाली, बदली झाली किंवा बँडच फुटला की बांग्या 'आगारते'. सोडलं, कंटाळले असं म्हणत नाहीत हं, आगारले म्हणतात, जसा काही डाव पूर्ण झाला. आणि अशी आगारलेली बाई दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा काळे कपडे घालून लाईव्हच्या रांगेत दिसली की ती देमोदोरी.

खमंग:
सोप्पंय, माहेरवाशीण!

कोशवालेकाका:
नाही हो, माहेरवाशीण चार दिवस लाड करून घेते आणि सासरी परत जाते. देमोदोरी कायमची आलेली. आपल्याकडे 'अमक्यांची मुलगी परत आलीय' असं आवाज खाली करून बोलायचे ना, तो सूर आहे त्या शब्दात. एका शब्दात मराठीत बसवायचं तर अवघड आहे, 'परतलेली' फार गुळमुळीत होतं.

निशिकासाईकर:
काका +१. आणि तो टोचरा सूर त्यांनी मुद्दाम ठेवलाय असं मला वाटतं, कारण इथे सगळं उलटं होतं, नवरा नोकरी संसार हे सगळं सासर आणि बँड हे माहेर! शिवाय बँडसुद्धा देमोदोरीच निघाले की. एक्स जपानचा शेवटचा शो 31 डिसेंबर 1997 ला टोकियो डोममध्ये, पुढच्या मे महिन्यात गिटारिस्ट हिदे गेला, त्सुकिजी होंगान-जी देवळात अंत्यविधी होता तेव्हा बाहेर हजारो पोरं रडत उभी होती, आणि मग 2008 च्या मार्चमध्ये त्याच डोममध्ये बँड पुन्हा उभा. लूना सीने 2000 मध्ये थांबताना शब्द वापरला 'शूमाकु', म्हणजे पडदा पडला, नाटकातला शब्द. 2007 मध्ये एका रात्रीपुरता पडदा वर गेला आणि 2010 पासून पुन्हा प्रयोग सुरू. मग फॅनने एकटीनेच कशाला आगारायचं?

पावसाळी:
दादा, भारी. आणि या सगळ्यात 'ओशी' का दिसत नाही? आयडॉलवाले, म्हणजे त्या पॉप गाणाऱ्या पोरापोरींचे फॅन, तर आपल्या लाडक्या कलाकाराला उठता बसता ओशी ओशी करतात.

निशिकासाईकर:
मी हेच ऑफिसात विचारून बसलो. आमच्या अकाउंट्समध्ये एक बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, एरवी व्हाउचरवर शिक्का जरा तिरका पडला तरी परत पाठवतात. त्यांच्या आयकार्डच्या पाकिटात आतल्या बाजूला बक-टिकची एवढीशी पिन आहे, बाहेरून दिसत नाही. मी म्हटलं तुमचा ओशी कोण, तर चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, ओशी नाही, 'होन्मेइ'. घोड्यांच्या शर्यतीत ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त तो घोडा होन्मेइ, आणि प्रेमाच्या बाबतीत ज्याच्यावर खरा जीव आहे तो. ओशी कितीही ठेवता येतात हो, होन्मेइ एकच, असं त्यांचं म्हणणं. (नव्या पोरी दोन्ही शब्द सर्रास वापरतात, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.)

त्यांचा होन्मेइ आत्सुशी साकुराई, बक-टिकचा गायक. 1985 पासून बँडमधली पाच माणसं तीच, एकही बदललं नाही. 19 ऑक्टोबर 2023 ला योकोहामात फॅनक्लबच्या खास शोमध्येच त्याला बरं वाटेनासं झालं आणि त्याच रात्री गेला, 57 वर्षांचा होता. दरवर्षीप्रमाणे 29 डिसेंबरला टोकियोतल्या बुदोकान या मोठ्या सभागृहातला शो ठरलेला होता, तो उरलेल्या चौघांनी केला. बाई गेल्या होत्या. आता आगारणार का असं विचारायची माझी हिंमत झाली नाही, पण 2024 च्या डिसेंबरातसुद्धा 29 तारखेला त्या बुदोकानलाच होत्या.

कोशवालेकाका:
बक-टिक म्हणजे काय पण? घड्याळ वाटतं.

निशिकासाईकर:
फटाके, काका! बाकुचिकु म्हणजे फटाक्यांची माळ, त्यालाच इंग्रजी स्पेलिंगचा झगा घातलाय. फॅनक्लबचं नाव फिश टँक आणि फॅन म्हणजे फिश टँकर, आपल्याकडे टँकर म्हटलं की डोळ्यासमोर दुष्काळच येतो ते सोडा.

खमंग:
आणि ते गिटार सोलो चालू असताना दोन्ही हात पुढे करून तळवे उघडतात ते काय? मला आधी वाटलं काहीतरी मागतायत.

निशिकासाईकर:
ते 'साकी'. साकु म्हणजे फुलणं. आपला होन्मेइ स्टेजच्या कडेला आला की हात छातीपासून त्याच्याकडे उघडत न्यायचे. मराठीत 'उमलणं' मस्त बसेल, "सोलो लागला आणि अख्खी पहिली रांग उमलली". अजून एक आवडता: कोते-केई. कोतेकोते म्हणजे जाडजूड, थापलेलं. पांढराफटक चेहरा, काळे ओठ, केस छताला टेकलेले, नव्वदीतला अवतार. थापीव रॉक म्हणा!

कोशवालेकाका:
थापीव चालेल, भाकरीपण थापतोच. बरं, 'केई'ला घराणं म्हणायचं का? नागोया-केई असंही वाचलं मी.

निशिकासाईकर:
नागोया-केईला घराणं शोभेल, ग्वाल्हेर घराण्यासारखं गावाचं नाव आहे आणि बाजही वेगळा, जास्त अंधारा, भपका कमी. पण व्हिज्युअल केईला नको. घराण्यात गाणं सारखं लागतं, इथे एक बँड मेटल वाजवतो दुसरा पियानोवर रडतो, सारखं काय तर नटणं. मुळात तो शब्द 1989 च्या ब्लू ब्लड अल्बमच्या कव्हरवर एक्सने 'व्हिज्युअल शॉक' छापलं होतं तिथून फुटला असं मानतात, तेव्हा घराणं नको, 'प्रकार' किंवा 'छाप' बरं.

पावसाळी:
शेवटचा एक: 'चानोमा'? चहाची खोली?

निशिकासाईकर:
घरातली बसायची खोली. लाईव्हला न जाता घरी बसून बँडवर जीव टाकणारी ती चानोमा. हाही थोडा टोमणाच.

पावसाळी:
म्हणजे मी. माजघर-फॅन.

खमंग:
टू बीएचकेमध्ये कुठलं आलंय माजघर, हॉल-फॅन म्हण.