डेट्रॉइट-विंडसर: स्वरांना व्हिसा लागतो का?

वाचाळ: डेट्रॉइट अमेरिकेत, विंडसर कॅनडात, मध्ये एक नदी. (डेट्रॉइटहून कॅनडात जायला दक्षिणेकडे उतरावं लागतं. भूगोलच तिरका, तिथे बोली सरळ कुठून असणार!) माझं म्हणणं: इंग्रजी उच्चार सीमेपाशी थबकतात. डेट्रॉइटच्या जुन्या गोऱ्या पिढीत 'ब्लॉक'चा स्वर पुढे सरकून 'ब्लॅक'च्या दारात पोचला. कॅनडात उलट 'ब्लॅक'चाच स्वर 'आ'कडे निघालाय. एकाचा ठोकळा तो दुसऱ्याचा काळा रंग. २००० साली भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स बोबर्ग यांनी विंडसर तपासलं, तर डेट्रॉइटची ही सरक तिथे पोचलीच नव्हती.

खडूस: सीमेचं कौतुक पुरे. आधी 'कॅनेडियन अबाउटला अबूट म्हणतात' हा विनोद बंद करा. तिथे 'ऊ' नाहीच. 'आउ'ची सुरुवात 'आ'ऐवजी 'अ'पासून होते, तीही फक्त अघोष, म्हणजे घसा न थरथरणाऱ्या, व्यंजनापुढे. म्हणून 'हाउस'मध्ये स्वर चढतो, 'हाउझेस'मध्ये नाही. घशावर बोट ठेवून पाहा: 'स'ला थरथर नाही, 'झ'ला आहे. अघोषापुढे स्वर आखूड होतो. तळापासून चढायला वेळ नसतो, मग गडी मधल्या पायरीवरूनच निघतो.

आणि डेट्रॉइटकर काय साधू? 'राइटर'मधला 'आइ' तोही असाच चढवतो, 'राइडर'मधला नाही. या शब्दांतल्या ट आणि ड दोन्हींना जीभ सारखीच टेकते, फरक स्वरात. त्याला पत्ता नसतो. आपल्याला तरी 'चाक' आणि 'चार' यांतले दोन च कोणी विचारल्याशिवाय कुठे जाणवतात?

वाचाळ: 'आइ' नदी ओलांडतो, मान्य. 'आउ' का नाही?

खडूस: अमेरिकेच्या उत्तर टोकाला तोही काही ठिकाणी सापडतो. कारण सीमा नव्हे, वस्ती. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लाबोव्ह यांचा तर्क असा, की १८२५ साली पूर्ण झालेल्या ईरी कालव्यामुळे निरनिराळ्या बोलींची माणसं एकत्र आली आणि त्या खिचडीतून अमेरिकी सरक निघाली.

वाचाळ: आणि ती वस्ती नदीपाशीच कशी थांबली हो? तुम्ही माझीच वकिली करताय.

नारदमुनी: दोघेही स्वरांतच अडकलात. सीमेची खरी करामत शाळेत दिसते. दक्षिण ऑन्टारिओतली (विंडसर त्याच प्रांतात) लहान मुलं इंग्रजी मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर 'झी' म्हणतात, कारण एबीसीच्या गाण्यात तेच यमक जुळतं. मोठी झाली की 'झेड'वर येतात. यात नदीचा काय संबंध? बाकी मिशिगनच्या तरुणांत ती जुनी सरक ओसरते आहे, तेव्हा हा तंटा लवकर आटपा, पुरावा पळतोय.

खडूस: सॉरी, पटलं नाही.

वाचाळ: सीमेपलीकडे 'सोरी' म्हणतात.