बंद इंजिनाच्या 'रोलिंग रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

डोंबिवलीकर: कल्याणला मालगाडीच्या पुढे दोन डिझेल इंजिनं होती, त्यातलं एक बंद. फलाटावरचे एक काका म्हणाले, "डेड लावलंय." अशा बंद इंजिनाला ओढताना जो विरोध होतो त्याला 'घर्षण' म्हणता येईल का? आणि मोटरी चाकांना जोडलेल्याच असतात ना? मग त्या ब्रेक लावत नाहीत?

शेडवाला: 'डेड' हाच आमच्याकडचा शब्द. 'मृत इंजिन' म्हणालात तर इंजिनांच्या शेडमध्ये चहा मिळणार नाही!
डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनात सहा अ‍ॅक्सल, प्रत्येकाला एक ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी विजेची मोटर. मध्ये क्लच नाही, पिनियनचे (मोटरीच्या छोट्या दातेरी चाकाचे) दाते कायम गिअरमध्ये. म्हणजे चाक फिरलं की आर्मेचर, मोटरीचा फिरता भाग, फिरतंच. पण फील्डला (चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळ्यांना) करंट नाही आणि सर्किटही उघडं, त्यामुळे विजेचा ब्रेक लागत नाही. राहतं ते बेअरिंग, दाते आणि कार्बन ब्रशांचं घासणं. खरा घोळ हँडब्रेक सोडायचा राहिला तर. चाक घसटत जातं आणि एका जागी सपाट होतं.

आकडेमोड: 'घर्षण' अपुरं पडतं. गाडीला होणारा विरोध मोजायच्या १९२६ च्या डेव्हिस सूत्रात वजनाचा, वेगाचा आणि हवेचा असे वेगळे हिस्से आहेत. हेच ११२.८ टनांचं इंजिन ताशी ५० किमीने ओढलं, तर हवेचा हिस्सा सोडून टनामागे जेमतेम १.८ किलो, म्हणजे एकूण २०० किलोच्या आसपास जोर लागतो. कसारा घाटात मात्र चढ १:३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, तिथे टनामागे २७ किलो. त्याच इंजिनाला नुसत्या चढासाठी ३ टन! 'डेड जड जातं' म्हणतात ते वजनामुळे, चाकांमुळे नव्हे.

डोंबिवलीकर: मग 'ओढ' कसं वाटतं?

आकडेमोड: ओढ पुढच्या इंजिनाची. मागच्याचा तो विरोध. शिवाय ओढ म्हटली की माहेरच आठवतं.

शेडवाला: 'गतिरोध' नको, लोक रस्त्यावरचा गतिरोधक समजतील.

आकडेमोड: माझं मत 'चाकरोध'. चाक, रूळ, बेअरिंग एवढंच त्यात येतं, हवेचा रोध वेगळा ठेवता येतो. दोन्ही मिळून 'धावरोध' म्हणा. चढाचा हिस्सा यातल्या कशातच घालू नका.

शेडवाला: लिहायला 'चाकरोध' चालेल. बोलताना आम्ही "डेड आहे, लोड धरा" एवढंच म्हणणार.