चाकापेक्षा मागचा ब्रेक बघा
मुलाला व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून फक्त मागच्या चाकावर सायकल चालवणं, शिकायचं तर कोणती सायकल घ्यावी, असा प्रश्न आहे. मुलगा उंच आहे म्हणून २९ इंची चाकं आणि पुढे सस्पेन्शन घ्या, हा त्यावर दिलेला सल्ला मला पटत नाही. व्हीली शिकताना सगळी भिस्त मागच्या ब्रेकवर असते. सायकल मागे कलंडायला लागली की तो हलकाच दाबायचा, पुढचं चाक लगेच खाली येतं. म्हणून एका बोटाने नेमका दाबता येणारा डिस्क ब्रेक हवा. इथे बडोद्यात नवलखी मैदानावर भाच्याला शिकवताना बघितलं, बोट ब्रेकवर ठेवायची सवय लागली तेव्हा कुठे त्याची भीती गेली आणि तो तोल शोधायला लागला.

दुकानात टेप घेऊन जा आणि पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर मोजा. ते जितकं कमी, तितकं पुढचं चाक सहज उचललं जातं. ४२५ मिमीच्या आसपास असेल तर छान. २६ इंची सायकलींत ते बहुधा कमीच असतं. स्वस्तातला सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा) नुसता जड, त्यापेक्षा साधा बरा. पेडल मात्र सपाटच घ्या, मागे पडायची वेळ आली तर पाय पटकन जमिनीवर टेकवता येतो.